मदत हवी आहे : पिंचच्या 'माने'तला व्होल्टेज येतो कुठून?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या मुलांना पिंच शिकवतोय, म्हणजे प्रवाह स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्माचा (तापलेल्या, विद्युतवाहक वायूचा) स्तंभ आवळतो ते. सुरुवात सोपी गेली: चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या, गाडीची बॅटरी, एकाच दिशेने प्रवाह. पट्ट्या टपकन एकमेकींना चिकटतात. मग गणित: ५ लाख अँपिअर, १ सेंमी त्रिज्या, म्हणजे पृष्ठभागावर १० टेस्ला आणि सुमारे ४०० वातावरणांचा दाब. वर्ग खूश.

अडलो सोव्हिएत अणुशास्त्रज्ञ कुर्चातोव्हपाशी. १९५६ साली ब्रिटनच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्रातल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की ड्यूटेरियममधल्या (जड हायड्रोजनमधल्या) स्पंदित डिस्चार्जमधून न्यूट्रॉन येतात, पण ते औष्णिक संलयनाचे नाहीत. (दोन वर्षांनी ब्रिटिशांनी त्यांच्या झेटा या पिंच यंत्रातले न्यूट्रॉन औष्णिक संलयनाचेच असल्याचा दावा केला आणि नंतर मागे घेतला, ते वेगळं!) शिवाय क्ष-किरण निघाले ३००-४०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. नळीला दिलेला व्होल्टेज त्याच्या कितीतरी खाली.

स्तंभ मण्यांच्या माळेसारखा मध्येच आवळला (तीच 'मान'), की इंडक्टन्स झपाट्याने वाढतो आणि आय-डीएल-डीटी (प्रवाह गुणिले इंडक्टन्स वाढण्याचा दर) इतका व्होल्टेज तयार होतो, असं मी मांडलं. मानेची लांबी १ सेंमी, त्रिज्या १ मिमी, आत येण्याचा वेग सेकंदाला १०० किमी धरला, तर येतात १ लाख व्होल्ट. उरलेले कुठून आणू?

मान आणखी बारीक धरायची, की तिथे रोधच अचानक वाढतो असं मानायचं? दुसरं मला पटतं, पण फळ्यावर कसं दाखवू? कुणी प्लाझ्मा फोकसवर (पिंचच्याच जातीच्या यंत्रावर) काम केलंय का? सोमवारी तास आहे.