सिंकथिंग असताना क्लाउडचं भाडं कशाला भरायचं?

कऱ्हाडकर:
डीटीपीचं काम आहे. दुकानात डेस्कटॉप, घरी लॅपटॉप. पूर्वी रात्री पेनड्राइव्ह खिशात टाकायचा आणि सकाळी 'लग्नपत्रिका फायनल खरंच फायनल' नेमकी कुठल्या मशीनवर राहिली ते शोधत बसायचं. चार वर्षांपूर्वी दोन्ही मशीनवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवणारं सिंकथिंग टाकलं आणि ही कटकट संपली. २०१३पासून चालू असलेलं मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. फायली कुणाच्या सर्व्हरवर साठत नाहीत, या मशीनवरून त्या मशीनवर जातात, त्याही एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाहीत अशा. सबंध फाइल पुन्हा न पाठवता फक्त बदललेले तुकडे पाठवतं. जागेची मर्यादा आपल्या हार्डडिस्कएवढी.

तरीही लोक क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर फायली ठेवायला, दरमहा पैसे मोजतात. एकट्या माणसाला, स्वतःच्याच दोन मशीनसाठी, मधे तिसरा हवाच कशाला?

खडूस मास्तर:
तिसरा हवा, कारण तो रात्रीही जागा असतो. तुमच्या पद्धतीत दोन्ही मशीन एकाच वेळी चालू हवीत. दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडत असणार. मग घरी जाऊन लॅपटॉप उघडलात तर दुपारनंतरचं काम कुठून येणार? आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे.

आणि 'बदललेले तुकडे' हे साध्या फायलींना ठीक. झिपसारख्या दाबलेल्या फाइलमध्ये मधेच थोडं बदललं तरी पुढचं सगळं सरकतं, म्हणजे तिथून पुढची जवळजवळ सगळी फाइल जाते.

कऱ्हाडकर:
मास्तर, मेन स्विचचं खरं आहे. मी निघण्याआधी पाच मिनिटं घरचा लॅपटॉप चालू करायला सांगतो. हसू नका.

टंकलेखिका:
माझा अनुभव सांगते, मग भांडा. भाच्याने घरच्या लॅपटॉपवर 'जागा मोकळी करतो' म्हणून एक फोल्डर उडवलं. संध्याकाळपर्यंत ते ऑफिसच्या मशीनवरूनही गेलं. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं, चूक आमची. जुन्या प्रती ठेवायची सोय त्यात आहे, पण मुळात ती बंद असते आणि मी कधी चालू केलीच नव्हती. पैसे देऊन किंवा फुकटही घेतलेल्या गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस तरी मिळालं असतं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे धाग्याच्या पहिल्या ओळीत असायला हवं होतं.

निशाचर:
ताईंशी सहमत. भर घालतो. जुन्या प्रती ठेवायच्या त्या सोयीत, म्हणजे व्हर्जनिंगमध्ये, एक मेख आहे: ज्या मशीनवर ते चालू असेल, तिथे फक्त *दुसरीकडून आलेले* बदल जुनी प्रत ठेवून होतात. त्याच मशीनवर तुम्ही स्वतः फाइल पुसलीत तर तिथे काही उरत नाही. म्हणून दोन्हीकडे चालू करा. त्यातला 'स्टॅगर्ड' हा प्रकार निवडलात तर जुन्या प्रती विरळ होत होत डिफॉल्टने वर्षभर राहतात.

बाकी मी धागाकर्त्याच्या बाजूने. ड्रॉपबॉक्स या क्लाउडवाल्यांनी २०१९मध्ये फुकट खात्याला तीन उपकरणांची मर्यादा घातली. भाड्याच्या घरात मालक नियम बदलणारच.

हिशोबनीस:
आणि मुक्तस्रोतात नियम बदलत नाहीत? अँड्रॉइडचं अधिकृत सिंकथिंग अ‍ॅप २०२४ अखेर बंद झालं. प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवणं जिकिरीचं झालं आणि सांभाळायला माणूस उरला नाही. आता दुसऱ्यांनी चालवलेला फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती, वापरायची. आयफोनसाठी तर अधिकृत अ‍ॅप कधी नव्हतंच. बिघडलं तर फोन कुणाला लावायचा? दहा मार्चला क्लायंट दारात उभा असताना मी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवतात त्या साइटवर, तक्रार लिहीत बसू का?

शिवाय कृपा करून टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा यात टाकू नका. एकाच डेटात दोन्हीकडे एन्ट्री झाल्या तर हे सॉफ्टवेअर त्या जुळवत नाही. जिची वेळ जुनी, ती फाइल 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाने बाजूला ठेवतं. पत्रिकेचं ठीक, पण एकमेकींशी बांधलेल्या फायलींतली एकच बाजूला गेली तर खातेवहीचा बट्ट्याबोळ.

निशाचर:
टॅलीबद्दल एकदम मान्य. पण फोन लावायचं म्हणाल, तर फुकट क्लाउडवाल्यांना लावून दाखवा.

खडूस मास्तर:
'तिसरा नकोच' हेही पुरतं खरं नाही हो. मशीन एकमेकांना शोधतात ती डिस्कव्हरी सर्व्हरवरून, आणि थेट जोडणी जमली नाही तर डेटा स्वयंसेवकांच्या रिले (मधे पुढे ढकलणाऱ्या) सर्व्हरमधून जातो. त्यांना तो वाचता येत नाही, हे कबूल. पण तिसरा आहेच.

टंकलेखिका:
एक शंका. 'कऱ्हाड' नावाचं फोल्डर माझ्या जुन्या मॅकवरून आलं तर दोनदा दिसेल का? तो ऱ कधी एकसंध असतो, कधी र खाली नुक्ता (टिंब) देऊन. दिसायला सारखेच.

निशाचर:
सिंकथिंग ते आपोआप सारखं करतं, सेटिंग आधीच चालू असतं. बंद करू नका म्हणजे झालं.

कऱ्हाडकर:
माझ्या गावाच्या नावावरून धागा भरकटला, चालायचंच. दोन्हीकडे स्टॅगर्ड आत्ताच चालू केलं. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रतही काढेन. पण भाडं भरणार नाही. मास्तर, माळ्यावरचा जुना लॅपटॉप चोवीस तास इन्व्हर्टरवर ठेवला तर तो तुमचा 'जागा राहणारा तिसरा' होईल का?

खडूस मास्तर:
होईल. बॅटरी फुगलेली नाही ना, ते आधी बघा.