द्राक्षबागेची माती आणि बागाईतदाराचे मन

रासायनिक खते व फवारण्या बंद करून निसर्गाच्या लयीत राहू लागले की जमीन आणि माणूस दोघेही सावरतात, या मताशी मी मनापासून सहमत आहे. मात्र नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांच्या संदर्भात थोडी भर घालावीशी वाटते. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी आपण मारतो ते मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही मर्यादित प्रमाणात चालते, परंतु त्यातील तांबे कुजत नाही, ते वर्षानुवर्षे मातीच्या वरच्या थरात साचत राहते आणि प्रमाण वाढले की गांडुळांना व सूक्ष्मजीवांना बाधते. म्हणून नुसते औषध बदलून भागत नाही, मातीत सेंद्रिय कर्बही (कुजलेल्या पालापाचोळ्यातून व शेणखतातून मिळणारा) वाढवावा लागतो.

त्यासाठी वेलींच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून तो फुलावर येताच मातीत गाडावा. गाडण्यापूर्वी एखादे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम सुरू आहे असे समजावे.

राहिला प्रश्न मनाचा. गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतर) अवकाळी पावसाच्या धास्तीने ज्याची झोप उडते, त्याला केवळ निसर्गसान्निध्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. त्याने सगळी बाग एकदम न बदलता थोड्या क्षेत्रापासून सुरुवात करावी आणि बांधावर शेवगा व घरापुरता भाजीपाला लावावा, म्हणजे घरखर्चाचा सगळा भार एकाच पिकावर राहणार नाही.