मदत हवी आहे : इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करणे आणि तिला उत्तर देणे कसे शिकवावे?

मलप्रभा :

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग घेते. येणारी मुले-मुली बहुतांशी मराठी माध्यमातून दहावी झालेली आहेत. त्यांतली काही गोव्यातल्या हॉटेलांत, काही बेळगावच्या रुग्णालयांत, तर काही उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या कार्यालयांत नोकरी शोधत आहेत. घरी मराठी, बसमध्ये व कचेरीत कन्नड आणि मोबाइलवर हिंदी अशी रोजची सवय असल्यामुळे नव्या भाषेला ती बिचकत नाहीत. मात्र चूक झाल्यावर इंग्रजीत काय बोलावे आणि समोरच्याने दिलगिरी व्यक्त केली तर काय उत्तर द्यावे, या ठिकाणी वर्ग वारंवार अडतो.

‘सॉरी’ म्हणायला कोणालाच शिकवावे लागत नाही; अडचण त्याच्या पुढे सुरू होते. पाहुण्याच्या हाती चुकीचे बिल गेले आहे असा प्रसंग दिला, की मुलगा ‘सॉरी सर’ एवढेच म्हणतो, मान खाली घालतो आणि थांबतो. आपल्याकडे ती खाली गेलेली मान पुष्कळ काही सांगते. कोणाला चुकून पाय लागला तर आपण त्याला हात लावून तोच हात कपाळाला नेतो. त्यात एक शब्दही नसतो आणि तरीही माफी पूर्ण होते. मोठ्यांशी खटका उडाला तर दुसऱ्या दिवशी न सांगता त्यांचे एखादे काम उरकून दिले जाते आणि तो विषय तिथेच मिटतो. ही रीत सुंदर आहे आणि ती पुसून टाकावी असे मला मुळीच वाटत नाही. पण फोनवरच्या ग्राहकाला ती मान दिसत नाही आणि परदेशी पाहुण्याला ती दिसली तरी तिचा अर्थ लागेलच असे नाही. त्याला हा मुलगा उत्तर टाळतो आहे असे वाटण्याची शक्यताच अधिक असते.

एलिट ओल्श्टेन आणि अँड्र्यू कोहेन या अभ्यासकांनी १९८३ मध्ये माफीचे पाच घटक मांडले होते : दिलगिरीचे शब्द, घडलेल्या गोष्टीचे कारण, जबाबदारीचा स्वीकार, भरपाईची तयारी आणि पुन्हा असे होणार नाही याची हमी. मी हे घटक मुलांना समजावून दिले आहेत. चुकीच्या बिलाच्या प्रसंगात ‘आय ॲम सो सॉरी, सर. आय गेव्ह यू द राँग बिल. आय विल ब्रिंग द करेक्ट वन राइट अवे’ एवढे पुरते, म्हणजे पाचांपैकी तीनच घटक लागतात. तरीही बहुतेक मुले कारणापासून सुरुवात करतात. शाळेत उशिरा आलेल्याला आपण पहिला प्रश्न ‘का?’ असाच विचारत आलो, त्याचा हा परिणाम असावा. काही जण उलट पाचही घटक पाठ करून येतात आणि नुसता धक्का लागला तरी पुन्हा असे होणार नाही अशी हमी देतात.

उत्तर देण्याची बाजू मला याहून कठीण वाटते, कारण तिच्याकडे आपले लक्षच नसते. घरी ‘राहू दे की’ किंवा ‘असू दे’ म्हणणारी, कन्नड मैत्रिणीला सहज ‘इरली बिडि’ म्हणणारी मुलगी इंग्रजीत मात्र गप्प होते, संकोचाने हसते किंवा ‘वेलकम’ म्हणते. ‘दॅट्स ऑल राइट’, ‘डोन्ट वरी अबाउट इट’ ही वाक्ये मी पक्की करून घेतली आहेत. पण परीक्षेच्या तोंडावर मैत्रिणीने आपली वही हरवली आणि मनात राग असेल, तर ‘इट्स ओके’ म्हणणे खरे नसते. माफी ऐकली आहे, पण नुकसान अजून उरले आहे, हे नम्रपणे सांगण्याची भाषा त्यांना कशी द्यावी? वर्गातला सराव नाटकी होऊ नये यासाठी काय करावे? आणि वडीलधाऱ्या व्यक्तीने माफी मागितली की मुले अक्षरशः गोंधळून जातात, त्या वेळी त्यांनी काय म्हणावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ :

ताई, मी गोव्यात हॉटेलमधल्या नव्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. तुमच्या भागातून चोर्ला घाट उतरून आलेली बरीच मुले माझ्या हाताखाली शिकली आहेत आणि कामाला ती अतिशय प्रामाणिक असतात. त्यांच्या हसण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, तिथे आधी लक्ष द्यावे असे मी सुचवीन. पाहुण्याच्या हातून पेला फुटला आणि तो ‘आय ॲम टेरिबली सॉरी’ म्हणाला, की आपला मुलगा संकोचाने हसतो. पाहुण्याला मात्र आपली थट्टा होते आहे असे वाटते. अशा वेळी आधी माणसाची चौकशी आणि नंतर वस्तूची व्यवस्था, हा क्रम मी शिकवतो : ‘प्लीज डोन्ट वरी. आर यू ऑल राइट? आय विल क्लीन धिस अप.’ हा क्रम अंगवळणी पडला की हसू आपोआप थांबते, कारण मुलाला काय करायचे ते ठाऊक असते.

नाटकीपणा टाळण्यासाठी संवाद लिहून देऊ नका, फक्त परिस्थिती द्या. दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात. एकीवर ‘खोलीतले एसी चालत नाही आणि तुम्ही दुसऱ्यांदा तक्रार करत आहात’ असे असावे, तर दुसरीवर ‘दुरुस्ती करणारा उद्या सकाळीच येणार आहे, पण दुसरी खोली रिकामी आहे’ असे असावे. समोरचा काय बोलणार हे माहीत नसल्यामुळे मुलांना खरोखर ऐकावे लागते. एखाद्या चिठ्ठीवर ‘पहिली माफी स्वीकारू नका’ असेही लिहावे. पहिल्या ‘सॉरी’ने पाहुणा शांत झाला नाही तर पुढे काय, याचा सराव फार थोड्या वर्गांत होतो.

वेदगंगा :

मी निपाणी भागात इंग्रजीचा शिक्षक होतो आणि आता निवृत्त आहे. मॅडम, तुमच्या वहीच्या प्रश्नाबद्दल लिहितो. माफी मागणाऱ्याचे आभार मानणे आणि माफी देणे या दोन गोष्टी मुलांना वेगळ्या करून दाखवाव्यात. ‘थँक यू फॉर टेलिंग मी. आय ॲम अ बिट अपसेट, बट कॅन यू हेल्प मी कॉपी द नोट्स?’ असे म्हटल्यास प्रामाणिकपणा टिकतो, सौजन्यही टिकते आणि नुकसान भरून काढण्याचा मार्ग समोर येतो. असे बोलणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे आपल्या मुलींना विशेष समजावून सांगावे लागते, कारण गप्प राहून सोसण्याची सवय त्यांना लहानपणापासून लावली जाते.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ‘प्लीज डोन्ट वरी, सर’ किंवा ‘इट्स क्वाइट ऑल राइट, मॅडम’ एवढे पुरेसे आहे. मोठ्या माणसाने माफी मागितल्यावर आपण खाली बघून ‘नाही, नाही’ म्हणू लागतो. इंग्रजीत नुसते ‘नो, नो’ ऐकल्यावर माफी नाकारली असा गैरसमज होऊ शकतो, म्हणून त्याच्या पुढे वाक्य पूर्ण करण्याची सवय लावावी.

एक मुद्दा तुमच्या लेखनात आलेला नाही. ‘आय ॲम सॉरी टु हिअर दॅट’ ही माफी नसून सहानुभूती असते. वडील आजारी आहेत असे सांगितल्यावर कोणी हे वाक्य बोलले, तर त्याला ‘थँक यू’ असे उत्तर द्यायचे असते. ‘इट्स ओके’ नव्हे. रुग्णालयात काम करणाऱ्यांना हा भेद पहिल्या आठवड्यातच लागेल. व्याकरणात ‘सॉरी फॉर’नंतर क्रियापद आले तर त्याचे ‘इंग’चे रूप आणि ‘सॉरी अबाउट’नंतर नाम, एवढा सराव पुरे. त्याहून जास्त नियम दिले तर मुले बोलायचीच थांबतात.

मलप्रभा :

आपणा दोघांचे मनापासून आभार. चिठ्ठ्यांची पद्धत मी येत्या शनिवारच्या वर्गात वापरणार आहे आणि ‘पहिली माफी स्वीकारू नका’ ही चिठ्ठी मुद्दाम सर्वांत लाजाळू मुलीला देणार आहे. सर, सहानुभूतीचा भेद माझ्या लक्षात होता, पण त्याला स्वतंत्र वेळ द्यावा असे वाटले नव्हते; आता तो परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलींपासून सुरू करते. फोनवरच्या संभाषणाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. तिथे चेहरा दिसत नसल्याने सूर आणि थांबे यांवरच सारे अवलंबून असते, आणि आमची मुले माफीचे वाक्य इतक्या घाईने उरकतात की ते यांत्रिक वाटते. ग्राहकसेवेत काम केलेल्या कोणी यावर लिहिले तर फार मदत होईल.