गुन्हा दाखल, निकाल नाही: रेडरला खेळवायचं की बसवायचं?

पुसदकर (धागाकर्ता)

आमच्या भागात सोयाबीन घरात आलं आणि कापसाची पहिली वेचणी झाली की कबड्डी सुरू होते. पूर्वी गावोगावी वजनगटाचे सामने असायचे, ५५ किलो, ६५ किलो, एका रात्रीत खेळ खलास. आता तालुक्याची लीग आहे. आठ संघ, प्रत्येकाला एक मालक (कृषी केंद्रवाला, जिनिंगवाला, दोघं-तिघं पुढच्या निवडणुकीची तयारी करणारे), खेळाडूंना मानधन, जर्सीवर दुकानाचं नाव. मी आयोजन समितीत आहे. गाव आणि नावं मी लिहीत नाही. ज्यांना कळेल त्यांनीही कृपया लिहू नये.

एका संघाच्या मुख्य रेडरवर (चढाई करणाऱ्या खेळाडूवर) त्याच्या बायकोनं मारहाण आणि छळाची तक्रार दिली. गुन्हा दाखल आहे, न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८ अ. अटक नाही, नोटीस देऊन सोडलं. ती माहेरी आहे. सामने तोंडावर आलेत. त्याचा मालक म्हणतो, कोर्ट काय ते ठरवेल, तुम्ही कोण? समोरचे संघ म्हणतात, काढा त्याला. त्यांना त्या बाईची काळजी किती आणि त्या रेडरच्या चढायांची किती, ते आपण सगळे जाणतो.

माझं मत: या मोसमापुरतं बसवावं, मानधन पूर्ण द्यावं. ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या रग्बी लीगनं २०१९ मध्ये असाच नियम केला. ज्या गुन्ह्याला कमाल ११ वर्षं किंवा जास्त कैद आहे त्याचा आरोप पोलिसांनी ठेवला की खेळाडू आपोआप बाहेर. पगार चालू, सराव चालू. तो दोषी आहे की नाही यावर लीग तोंड उघडत नाही. जॅक डी बेलिन नावाचा खेळाडू या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. मला यातली 'आपोआप' ही गोष्ट पटते. समितीतल्या प्रत्येकाचा कुठल्यातरी संघाशी संबंध आहे, मीही अपवाद नाही. ज्याला ट्रॉफी पाहिजे त्यानं निकाल देऊ नये. बसवणं ही शिक्षा नाही, थांबवणं आहे.

बोला.

धुऱ्यावरचा

पुसदकर भाऊ, शिक्षा नाई म्हंता, मंग का बक्षीस हाय? तिकडं ऑस्ट्रेलियात सीझन महिनोन्‌महिने चालते. आपली लीग बारा दिवसाची. बारा दिवस बसवलं का पोराचं साल गेलं. रेडरचे गुडघे किती साल टिकते हे तुमाले सांगाची गरज नाई. कोर्टाचा निकाल लागन तवा ते पोरगं बापाच्या वावरात डवरा हाकत असन.

न गावात ठाण्यात रपोट कायच्यावरून होते हे बी सांगू का? धुरा कोरला, पाइप तोडली, सरपंचकीत इकडचं मत तिकडं देलं. मी हे या बाईबद्दल नाई म्हणून रायलो, तिचं खरं असन बी. पण तुमी नियम करून रायले, एका माणसाचा निवाडा नाई. नियम केला का उद्या फायनलच्या आदल्या राती समोरचा संघ कोनाले तरी हाताशी धरून एक रपोट ठोकन. 'आपोआप' म्हंजे चावी रपोट देणाऱ्याच्या हातात.

मैदानावरची ताई

धुऱ्यावरचे दादा, मी मुलींच्या संघाला शिकवते, मैदान तुमच्याच भागातलं. फायनलच्या आदल्या रात्री कोणी बाई ठाण्यात जाऊन नवऱ्याविरुद्ध खोटं लिहून देईल, मग सासर, माहेर, वकील, तारखा, सगळं वर्षानुवर्षं भोगेल, ते कशासाठी? तर तुमच्या ५१ हजारांच्या बक्षिसासाठी? जरा विचार करून लिहा. ठाण्यापर्यंत पोचायला तिला किती दारं ओलांडावी लागतात ते तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही.

आणि पुसदकर दादा, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. समितीत काही जणांचं म्हणणं आहे की हे प्रकरण गावाच्या तंटामुक्ती समितीकडे द्या, तिथं मिटलं की खेळू द्या. माझ्यापर्यंत हे आलंय. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा धुऱ्याचे, वाटणीचे, बैलांचे कितीतरी वाद खरंच गावात मिटले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाईच्या मारहाणीत 'मिटलं' म्हणजे काय होतं? चार माणसं तिच्या बापाच्या ओसरीवर जातात. म्हणतात, पोराचं करिअर आहे, लीग आहे, टीव्हीवर जाईल उद्या, तू कागद मागं घे. बाप कर्जात असतो, त्यातला एक जण कृषी केंद्रवाला असतो. झालं मिटलं. तुमची लीग जर म्हणाली की तक्रार मागं घेतली तर खेळू देऊ, तर तिच्यावर दबाव आणायचं कारण तुम्हीच तयार करून दिलं. त्यापेक्षा सरळ खेळवा त्याला, निदान तिच्या दारात तरी कोणी जाणार नाही.

तूरदाळ

पूर्ण मानधन देऊन बसवा म्हणे! बाप्पा, पयले खेळलेल्याइचं मागच्या सालचं मानधन द्या म्हणा मालकाले.

गुरुजी६५

पुसदकर, तुमचं उदाहरण तुमच्याच प्रकरणाला लागू पडत नाही, हे लक्षात आलं का? ऑस्ट्रेलियाची अट ११ वर्षांची. कलम ८५ ला कमाल शिक्षा ३ वर्षं. त्या नियमानं तुमचा रेडर आपोआप बाहेर जातच नाही. ११ वर्षांच्या खालच्या गुन्ह्यांत तिथंही लीगचा प्रमुख स्वतः ठरवतो. म्हणजे फिरून तीच गोष्ट, माणसानं ठरवायचं.

अटकेचा निकषही चालणार नाही. आम्ही नोकरीत पाहिलंय, सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो. पण अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ४९८ अ सारख्या, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका. त्यामुळे अटक झाली नाही याचा अर्थ आरोप किरकोळ आहे असा कोणी काढू नये. मालक तोच अर्थ गावभर सांगत फिरत असेल, मी पैजेवर सांगतो.

आता शाळेच्या नोकरीतून घेण्यासारखं काय ते सांगतो. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्मा पगार. विभागीय चौकशी कोर्टाची वाट पाहत नाही, कारण तिचा प्रश्न वेगळा आहे. कोर्ट विचारतं, संशयापलीकडे सिद्ध झालं का? चौकशी विचारते, घडलं असण्याचीच शक्यता जास्त आहे का, आणि असा माणूस या कामावर ठेवावा का? कोर्टात सुटलेला चौकशीत अडकू शकतो. आणि २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की तीन महिन्यांत आरोपपत्र हातात दिलं नाही तर निलंबन ताणू नका. धुऱ्यावरच्या भाऊंची भीती खोटी नाही, पण तिचा इलाज मुदत हा आहे. खेळवत राहणं हा नाही.

जामठा नॉर्थ स्टँड

गुरुजी, क्रिकेट बोर्डाकडे बघा, म्हणजे मुदत-बिदत विसराल. जानेवारी २०१९, हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर बायकांबद्दल वाट्टेल ते बोलले. ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, निलंबित केलं. दोनेक आठवड्यांत निलंबन उठवलं, एप्रिलमध्ये बोर्डाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड लावला. गुन्हा कुठलाच नव्हता, फक्त बोलणं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीनं आरोप केले. त्यानं ते नाकारले. बोर्डानं त्याचा करार अडवून ठेवला, भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून चौकशी केली, पैशाच्या भानगडीत काही निघालं नाही म्हणून महिन्याच्या आत करार दिला. घरातल्या आरोपांचा भाग कोर्टावर सोडून दिला. शमी खरा की त्याची बायको, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण बोर्डानं कशाची चौकशी केली आणि कशाची केली नाही, एवढं बघा.

इंग्लंडच्या बेन स्टोक्सचं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. सप्टेंबर २०१७ ला ब्रिस्टलमध्ये नाइटक्लबबाहेर मारामारी. अॅशेसला नेलं नाही. पण खटला लांबणार दिसल्यावर खटल्याच्या आधीच परत खेळवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं. तरी डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्त आयोगानं ८ सामने आणि ३०,००० पौंड ठोकले, खेळाची बदनामी केली म्हणून. बाहेर बसलेले सामने त्या ८ मध्ये वळते केले. कोर्टाचं कोर्टानं केलं, मैदानाचं मैदानानं.

धुऱ्यावरचा

तुमी सारे मोठ्या लोकाइच्या गोष्टी सांगून रायले. स्टोक्सले सामने वळते करून भेटले, आमच्या पोराले का वळतं करान? गुणतिलका आठवते का? श्रीलंकेचा. नोव्हेंबर २०२२ ले वर्ल्ड कपच्या वक्ती सिडनीत पकडला, बोर्डानं तवाच निलंबित केला. सप्टेंबर २०२३ ले कोर्टानं निर्दोष सोडला, मंग बंदी उठवली. सालभर गेलं ते कोनं भरून देलं? तुमचा तो डी बेलिन बी घ्या. दोन वेळा खटला चालला, ज्युरीचं एकमत झालं नाई, २०२१ ले सरकारनंच उरलेले आरोप मागं घेतले. दोन सीझन गेले त्याचे. पगार भेटला म्हून का झालं? तो खेळाडू होता, पेन्शनर नाई.

न ताई, मी खोटी बाई म्हटलं नाई. नियमाले पळवाट कोठी हाय ते म्हटलं. तंटामुक्तीचं तुमचं मले पटलं, ते बरोबर हाय.

मैदानावरची ताई

पटलं ना? मग अर्धं भांडण संपलं.

उरलेल्याबद्दल. अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमध्ये, एनएफएलमध्ये, रे राइस नावाचा खेळाडू होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारून बेशुद्ध पाडलं. लीगनं आधी फक्त २ सामन्यांची बंदी दिली. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला आणि त्याच दिवशी बेमुदत बंदी! मारणं तेच, माणूस तोच, फक्त लोकांनी पाहिलं. पुढं नोव्हेंबरमध्ये लवादानं ती बंदी रद्द केली. लीगनं ऐन वेळी शिक्षा बदलली, हे लवादाला मान्य झालं नाही. नियम आधी लिहून न ठेवल्याचा फायदा शेवटी मारणाऱ्यालाच झाला. तेव्हा धुऱ्यावरचे दादा, ढिसाळ नियमाचं नुकसान तुम्हाला वाटतं तसं एकाच बाजूला होत नाही.

आणखी एक. तुमच्या नियमात अठरा वर्षांखालच्या मुलींचं वेगळं लिहा. तिथं समितीला ठरवायला काही नाहीच. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, २०१२ चा आहे, माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक, लपवलं तर लपवणाऱ्यावर गुन्हा. 'आधी आपसात बघू' म्हणणारा प्रशिक्षक मी पाहिलेला आहे. नाव लिहिणार नाही.

पुसदकर (धागाकर्ता)

गुरुजींनी ११ वर्षांचा मुद्दा काढला तो मान्य, आपल्याला तो आकडा उपयोगाचा नाही. 'आपोआप' सोडतो. समितीपुढं ठेवायला मी असं लिहिलंय, फोडून काढा:

खेळाडूवर हिंसेचा किंवा लैंगिक गुन्हा दाखल झाला की दोन दिवसांत तीन बाहेरची माणसं कागद बघतील. एक निवृत्त न्यायिक किंवा महसूल अधिकारी, एक बाई (वकील किंवा शिक्षिका), एक कबड्डीचा पंच, तिघंही दुसऱ्या तालुक्यातले. आरोप खरा की खोटा हे ते ठरवणार नाहीत. तक्रारीला वैद्यकीय कागद, साक्षीदार, आधीची तक्रार असा काही टेकू आहे का, एवढंच पाहतील. दिसला तर तो मोसमापुरता बाहेर, मानधन पूर्ण, आणि ते मालकाकडून आधीच अनामत घेतलेल्या रकमेतून (तूरदाळ, हे तुमच्यासाठी). टेकू नसेल तर खेळेल. पुढच्या मोसमाआधी नव्यानं बघायचं, तोवर कोर्टात काय झालं ते जमेस धरून. तक्रार मागं घेतली म्हणून कोणालाही परत आणलं जाणार नाही. संघाचा कोणी माणूस तक्रारदाराच्या घरी गेला तर संघाचे गुण कापायचे. मुलीचं वय अठराच्या आत असेल तर पॅनल-बिनल नाही, थेट पोलीस.

गुरुजी६५

'कोणी माणूस घरी गेला तर' हे सिद्ध कसं करणार? त्या गावात सगळेच एकमेकांच्या घरी जातात. त्यापेक्षा लेखी नोटीस द्या, तक्रारदाराला एक फोन नंबर द्या, ती सांगेल. आणि खेळाडूचं म्हणणं ऐकून घ्यायचं तुम्ही लिहिलंच नाही. एक दिवस, अर्धा तास, पण ऐका. नाहीतर पहिल्याच प्रकरणात मालक वकील घेऊन येईल आणि बरोबर असेल.

जामठा नॉर्थ स्टँड

मोसमापुरता बाहेर जास्त होतं असं अजून वाटतं. साखळी सामने बाहेर, बाद फेरीला पॅनलनं परत बघायचं, असं का नाही?

मैदानावरची ताई

म्हणजे फायनलला तो असलाच पाहिजे, हेच ना?

धुऱ्यावरचा

पॅनल बाहेरचं असन तं मी अर्धा राजी हाय. पण भाऊ, नियमात 'खेळाडू' लिहिलं. मालक? २०२३ ले पैलवान पोरी जंतरमंतरवर बसल्या त्या कोन्या पैलवानाच्या विरोधात नाई बसल्या, महासंघाच्या अध्यक्षाच्या विरोधात बसल्या. आपल्या आठ मालकाइत कोनाच्या नावावर कोणते गुन्हे दाखल हाय ते साऱ्या तालुक्याले तोंडपाठ हाय. मानधनावरचं पोरगं बाहेर बसवान न मालक सोफ्यावर बसून नारळ फोडन, असं चालन का? मालक, कोच, पंच, समिती, साऱ्याइले एकच कलम लावा. मंग मी सही करतो.

पुसदकर (धागाकर्ता)

लावतो. गुरुजींची नोटीस आणि सुनावणीही घालतो. मोसमाचा मुद्दा समितीत मताला टाकतो. मालकांची बैठक रविवारी आहे. त्या कलमावर आठपैकी किती जण सही करतात ते इथंच लिहीन. धुऱ्यावरचे भाऊ, तुम्ही पण या, एकट्याला मला हे मांडणं जड जाईल.

तूरदाळ

अनामतीचं कलम पयले वाचजा. त्याच्यातच अर्धे उठून जातीन.