हत्शेपसुतचे नाव पुसले गेले ते सूडापोटी की राजकारणापोटी?

दगडीपाटी
सावत्र मुलगा तिसरा थुटमोस अल्पवयीन असल्याने इ.स.पू. १४७९ च्या सुमारास हत्शेपसुतने इजिप्तचा कारभार हाती घेतला आणि काही वर्षांतच ती स्वतः फॅरो, म्हणजे इजिप्तची राजा, झाली. पुढे तिची नावे व चित्रे छिन्नीने खरवडली गेली. डावलल्या गेलेल्या थुटमोसने सूड उगवला, असे याचे स्पष्टीकरण आजही दिले जाते. मला ते पटत नाही. तिची कारकीर्द इ.स.पू. १४५८ च्या सुमारास संपली आणि ही खाडाखोड त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी झाली, तर एकट्याने राज्य करू लागताच थुटमोस सैन्य घेऊन थेट कनानमधील मगिद्दो या शहरावर चालून गेला. ज्याच्या हाती एवढे बळ होते, त्याला सूडासाठी इतके थांबण्याचे कारणच नव्हते.

नाईलकाठ
असहमत. केव्हा पुसले यापेक्षा काय पुसले ते पाहावे. पट्टराणी म्हणून कोरलेली तिची चित्रे बहुतांशी शाबूत आहेत. घाव पडले ते फॅरोच्या वेशातील, कृत्रिम दाढी लावलेल्या हत्शेपसुतवर, आणि तिच्या नावाच्या जागी अनेक ठिकाणी तिचे वडील पहिला थुटमोस व पती दुसरा थुटमोस यांची नावे कोरली गेली. स्त्री सिंहासनावर बसली, हेच खुपत होते.

दगडीपाटी
मग सोबेकनेफेरूचे काय? बाराव्या राजघराण्याची ही स्त्री-फॅरो कर्नाकच्या मंदिरातील पूर्वज राजांच्या यादीत आहे, आणि ती यादी खुद्द तिसऱ्या थुटमोसनेच कोरून घेतली.

नाईलकाठ
उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूने जाते. सोबेकनेफेरू आपल्या घराण्याची शेवटची शासक होती, तर हत्शेपसुतने अभिषिक्त राजा हयात असताना, त्याच्या शेजारी बसून, सत्ता चालवली. हा पायंडा पडू देणे कोणत्याही फॅरोला परवडले नसते.

वाळूघड्याळ
हत्शेपसुतने देर अल-बहरी येथे बांधलेल्या मंदिराजवळ सापडलेल्या तिच्या भग्न पुतळ्यांचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांपैकी अनेक पुतळे मान, कंबर आणि गुडघे येथेच तोडलेले आहेत, आणि पुतळ्यातील शक्ती काढून घेण्याची ही रीत इतर फॅरोंच्या पुतळ्यांबाबतही आढळते. म्हणून पुतळे फोडणे आणि नावे खरवडणे ही दोन्ही कृत्ये एकाच हेतूने झाली, असे आपण दोघेही गृहीत धरत आहात, ते तपासायला हवे.

दगडीपाटी
हा भेद मान्य आहे. नाईलकाठ यांच्या पायंड्याच्या मुद्द्यालाही माझा विरोध नाही, कारण पायंडा मोडणे हे राजकारणच होय, सूड नव्हे. थोरला मुलगा आमेनेमहात आधीच वारल्याने थुटमोसच्या उतारवयात वारसा दुसरा मुलगा आमेनहोतेप (दुसरा) याच्याकडे जाणार होता. बापाकडून मुलाकडे आलेली सलग परंपरा भिंतींवर दिसावी, ही गरज तेव्हाच सर्वाधिक होती.

नाईलकाठ
वारशाचे हे कारण शक्य आहे. तरीही ती सलगता दाखवण्यासाठी नेमके तिचेच राजेपण भिंतींवरून उतरवावे लागले, हा माझा मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही.