‘आठवं दशक’ की ‘सत्तरचं दशक’? आणि चालू दशकाला म्हणायचं काय?

परभणीकर
गावच्या शाळेची स्मरणिका निघतेय. एका लेखात ‘आठव्या दशकात गावात वीज आली’, दुसऱ्यात तीच वीज ‘सत्तरच्या दशकात’. मुद्रितं तपासणाऱ्यानं दोन्हीकडं ‘ऐंशीच्या दशकात’ करून टाकलं. बरोबर कोण? शिवाय चालू दशकाला काय लिहावं? ‘विशीचं दशक’ कानाला खटकतं.

जालन्याहून
लेखक दोघंही बरोबर. विसाव्या शतकाचं आठवं दशक 1971 ते 1980. बोलण्यातलं सत्तरचं दशक 1970 ते 1979. ऐंशीचं म्हणजे नववं, त्यामुळं वीज उगाच दहा वर्षं उशिरा आली!
मुळात दशक म्हणजे दहांचा गट. आमच्या जांबच्या समर्थांच्या दासबोधात वीस दशक आहेत, दर दशकात दहा समास. तिथं शब्द पुल्लिंगी, ‘दशक पहिला’. वर्षांचं मात्र ‘ते दशक’. वर्षं मोजायला आपल्याकडं तप होतं, बारा वर्षांचं. म्हातारी माणसं अजून ‘तप उलटलं’ म्हणतात, ‘दशक उलटलं’ नाही.

लातूरवाला
सर, आमच्या आज्जीला ना दशक ठाऊक ना शतक. तिचा काळ म्हणजे रझाकारी, बहात्तर, भूकंप. ‘बहात्तरला’ म्हणली की त्यात नुसतं 1972 साल नसायचं. सुकडी, लाल मिलो, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, पोट भरायला गाव सोडलेली माणसं, सगळं त्यात. तसंच 30 सप्टेंबर 1993 चं. किल्लारीकडं ‘भूकंपाआधीचं घर’ म्हणलं की दगडामातीच्या जाड भिंती आन् वर माळवद, आणखी सांगावं लागत नाही. आमच्याकडं नव्वदचं दशक 93 ला सुरू झालं म्हणा की.

संभाजीनगरहून
साहित्यवाल्यांनी ‘साठोत्तरी’ काढला तो याच अडचणीतून. ‘साठनंतरचं’ म्हटलं की सुरुवात कळते आणि शेवट सांगावा लागत नाही. लघुनियतकालिकं, दलित साहित्य सगळं त्यात बसलं. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ इथूनच निघायचं, तेही साठचं दशक संपत आल्यावर. पुढं ‘नव्वदोत्तरी’ आला, 1991 च्या खाउजाला (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) धरून. दोन हजारनंतरच्या काळाला मात्र असा शब्द रुळलाच नाही. ‘दोनहजारोत्तरी’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

परभणीकर
मग मी काय छापू?

जालन्याहून
सरळ ‘2021 ते 2030’ छापा. विशी, नव्वदी ही माणसाची वयं.

लातूरवाला
गावात लोक ‘लॉकडाऊनच्या आधी’, ‘लॉकडाऊननंतर’ म्हणूलालेत, कुणी शिकवलं नाही. शाळा, लग्नं, पुण्याहून परत आलेली पोरं, सगळं त्यावरच मोजतात. उलट 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, देशभर गाजली. पण ‘रेल्वेच्या आधी’ असं लातुरात कुणी म्हणत नाही. गोष्ट गाजली म्हणून काळाची खूण होत नाही. त्यापायी घरादाराची घडी बदलावी लागते.

संभाजीनगरहून
पटतं, पण लॉकडाऊनचं इतक्यात पक्कं धरू नका, भाऊ. एकेकाळी ‘आणीबाणीच्या आधी’ असंही सर्रास म्हणायचे. आज चाळिशीच्या आतल्या कुणाच्या तोंडी मी ते ऐकलेलं नाही.