मुलं गाणं पाठ म्हणतात पण बोलताना इंग्रजीच! गाण्यातून मराठी शिकवायचं कसं?

रविवारचा_वर्ग: नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत मराठी शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. घरी मराठी कानावर पडतं, कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. गाणी आवडतात म्हणून दर वेळी एक घेतेच, गणेशोत्सवाच्या प्रोग्रॅमला पोरं दणक्यात म्हणतात, आईबाबा व्हिडिओ काढतात आणि स्टेजवरून खाली आलं की "माझा पाणी कुठे आहे". लिंगाचा तर सगळा आनंदच. गाण्याचा भाषेला खरंच उपयोग होतो की नुसता टाइमपास?

धडगावचा_मास्तर: होतो ताई, पण गाणं निवडून घ्यावं लागतं. भावगीतं गोड असतात पण वाक्याचा साचा परत परत येत नाही, आणि मज, तुज, परी हे पोरं बोलणार कुठे? भोंडल्याचं कारल्याचा वेल घ्या. सासू म्हणते "वेल लाव गं सुने", सून म्हणते "वेल लावला हो सासूबाई". मग फूल येऊ दे, फूल आलं. मग भाजी कर, भाजी केली. लावला, आलं, केली, तिन्ही लिंगं आली की नाही, तेही व्याकरणाचं नाव न काढता! माझ्याकडे घरी मराठी नाही, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी पोरं आहेत, अर्धी सासू अर्धी सून करतो आणि मग चाल तीच ठेवून कामं बदलतो. "दप्तर आण", "आणलं हो मास्तर". "खिडकी लाव", "लावली हो मास्तर". कामं पोरांनीच सुचवायची, कारण तिथे पाठांतर चालत नाही, क्रियापद स्वतःलाच बनवावं लागतं.

खवचट_काकू: म्हणजे सासू सुनेला माहेरी सोडत नाही हे आता अमेरिकेतल्या नातवंडांना शिकवायचं का

धडगावचा_मास्तर: मग आई आणि पोर करा काकू. "दूध संपव, मग जा खेळायला", "संपवलं गं आई, आता तरी सोड ना". चालेल?

पेटीवाला: 2014 मध्ये एडिनबराच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, 60 मोठ्या माणसांना 15 मिनिटं हंगेरियन वाक्यं शिकवली, एक गट नुसतं बोलून, एक तालात बोलून, एक गाऊन. वाक्यं परत म्हणून दाखवण्यात गाणारे पुढे. पण ती ऐकलेली वाक्यंच होती, नवीन बनवायची नव्हती, आणि तुमच्या वर्गातही तेच चाललंय बघा. म्हणून आधी गाऊन घ्या, मग तेच नुसत्या टाळीवर बोलून, मग टाळीही बंद. पेटीबिटी काही लागत नाही (हे मी सांगतोय म्हणजे बघा).

रविवारचा_वर्ग: भारी! येत्या रविवारीच करते. पण कुणी "भाजी केला" म्हणालं तर मध्येच थांबवायचं का?

धडगावचा_मास्तर: अजिबात नाही, चाल तुटली की पोर गप्प होतं. पुढच्या फेरीत तुम्ही "केली" जरा मोठ्यानं म्हणा, तोवर शेजारच्या पोरीनं त्याला कोपर मारून सांगितलेलं असतं.